सगळ्या दातांना शेंदूर

दसऱ्याला तुम्ही दोघे आर्वीला गेला होतात, तर तिकडचे सगळे मुलांसाठी लिहून पाठव, असे तुमच्या आईने कळवले आहे. आर्वीचे मला काहीच लिहिता येणार नाही, कारण आम्ही आर्वीला पोचलो नाही. अष्टमीला सकाळी नागपूरहून निघालो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला परत आलो, आणि मधला सगळा मुक्काम सिंदीला झाला. सिंदी हे वर्धा जिल्ह्यातले रेल्वेच्या काठचे कापसाचे गाव. हौसेने तिथे कोणी उतरत नाही. आम्हाला बैलांनी नेले.

आधी मोटारीविषयी सांगते. आजोबांनी ती तुमच्या आईच्या जन्माच्या वर्षी घेतली. त्या दोघींपैकी औषधपाणी तुमच्या आईला कमी लागले. तुमच्या आईचे लग्न होऊन ती विलायतेला गेली, मोटार मात्र घरातच राहिली. माझा डोळा तिच्यावर नसून ती उभी असते त्या मोटारखान्यावर होता. तिथे मला मुलींचा शिवणवर्ग काढायचा होता.

आजोबा निवृत्त न्यायाधीश असल्यामुळे आमच्याकडे भांडणे होत नाहीत, करार होतात. या वेळचा करार असा होता: मोटार आपल्या बळावर आर्वीला जाऊन परत आली, तर ती राहील आणि मी तिच्याविषयी पुन्हा तोंड उघडणार नाही. वाटेत एकदा जरी तिला बैल जुंपावे लागले, तर ती विकून टाकायची. आर्वी निवडायचे कारण तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. "या दसऱ्याला सोनं द्यायला मोटारीने येतो," असे आजोबा त्यांना बरीच वर्षे कळवत होते.

अष्टमी : केळझरचा चढ

बुटीबोरीपर्यंत प्रवास सुखाचा झाला. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, मधूनमधून बोंडे फुटू लागली होती. मी मागच्या सीटवर बसून तुमच्यापैकी धाकट्याचा स्वेटर विणत होते. तिकडे थंडी लवकर पडते म्हणून डावी बाही प्रवासातच संपवायचा माझा बेत होता.

केळझरचा चढ लागला आणि मोटार शिंकू लागली. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. ज्या भांड्यात पेट्रोल आणि हवा मिसळते, त्या कार्ब्युरेटरमधून फटफट असा उलटा आवाज येत होता आणि मागच्या नळीतून फुस्स, फुस्स. निम्म्या चढावर ती थांबली. आजोबांनी उतरून कोटाच्या बाह्या वर सारल्या. त्यांचा चेहरा पूर्वी खुनाच्या खटल्याच्या दिवशी जसा होई, तसा झाला होता.

तपास पद्धतशीर झाला हे मला मान्य आहे. आजोबांनी इंजिन कसेबसे चालू ठेवले आणि लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची ठिणगी बंद केली. पहिल्याची केली, इंजिन अडखळले. दुसऱ्याची केली, अडखळले. तिसऱ्याची केली तर इंजिनाला त्याचे काहीच वाटले नाही.

"तिसरा काम करत नव्हताच," आजोबा म्हणाले. "फक्त हजेरी लावत होता."

मग त्यांनी इंजिन बंद केले आणि मला सायलेन्सरच्या नळीशी कान लावायला सांगितले.

"रस्त्यात?"

"साक्षीदार दुसरा कोण आहे इथे?"

मी नऊवारी सावरून केळझरच्या रस्त्यावर गुडघे टेकले. वर टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे. तिकडे चाललेल्या एका बाईने मला पाहून आपली चप्पल काढली आणि मोटारीला नमस्कार केला. आजोबा हँडल हळूहळू फिरवत होते. तीनदा काही नाही, मग नळीतून लांब उसासा आला.

"उसासा येतोय," मी साक्ष दिली.

"म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. पण शिंक त्याने येणार नाही. टायमिंगही बिघडलेलं आहे."

तुम्हाला समजेल असे सांगते. इंजिनात चार कोठड्या असतात आणि प्रत्येकीत एक पिस्टन खालीवर होतो. प्रत्येक कोठडीला दोन दारे. एकातून पेट्रोलची वाफ आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. कोणते दार केव्हा उघडायचे, हे इंजिनाच्या तोंडाशी एकमेकांत दात अडकवून बसलेली दोन चाके ठरवतात, एक लहान आणि एक मोठे. दात जागचा हलला की दारे भलत्या वेळी उघडतात. म्हणजे एक दार मोडले होते आणि बाकीच्यांचे वेळापत्रक चुकले होते.

सेलू जवळ होते, पण मिस्त्री सिंदीला होता. ही माहिती आम्हाला एका बंडीवाल्याने दिली आणि न विचारता आपले बैलही दिले.

"सिंदीच्या जिनात नेतो साहेब. सखाराम मिस्त्री लय हुशार हाये. तोच सांगते तसं."

बैल जुंपले गेले तेव्हा आजोबांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही बाहीचे टाके मोजत राहिले. करार मोडला होता आणि मला शिवणवर्ग मिळाला होता.

सिंदी : जिनातला ओटा

जिन म्हणजे सरकी आणि कापूस वेगळा करायचा कारखाना. हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून सगळी यंत्रे धुऊनपुसून उभी होती. मालक बापूरावजी आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई कारखान्याच्या आवारातच राहतात. आम्ही कोण, कुठले, हे विचारायच्या आधी त्यांनी पाय धुवायला पाणी दिले. माझ्या माहेरी पुण्याला हा क्रम उलटा असतो.

सखाराम मिस्त्री मिशा पिळत आला. त्याने लांब काठीचे एक टोक इंजिनावर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि डोळे मिटले.

"वॉल जळला हाये," तो म्हणाला. "तिसऱ्याचा."

"ते मीही सांगितलं असतं," आजोबा म्हणाले. "शिवाय टायमिंग..."

"टायमिंगले काई झालं नाई. मी जिनाचं इंजिन कानानं चालवतो साहेब. थे याच्या आजोबासारखं हाये."

"टायमिंग बिघडलं आहे."

"काऊन बिघडन?"

"शिंकतंय म्हणून."

"माणूस शिंकला तं त्याचं टायमिंग बिघडते का?"

बापूरावजी खुर्ची घेऊन मध्ये बसले. सिंदीत बहुधा त्या दिवशी दुसरी करमणूक नव्हती.

मिस्त्रीने वरचे झाकण उतरवले. तिसऱ्याच्या व्हॉल्व्हची कड खरोखरच करपली होती. ती घासायची रीत मला फार आवडली. व्हॉल्व्हच्या बैठकीला खरखरीत मलम लावायचे, व्हॉल्व्हला दांडी जोडायची आणि ती दोन तळहातांत धरून पुढेमागे फिरवायची. अगदी ताक घुसळल्यासारखे. गोदाबाई पाहून म्हणाल्या, "हात थांबवू नको रे मिस्त्री, लोणी येते आता."

व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणारा खुंट यांच्यामध्ये बारीकशी फट ठेवावी लागते. ती मोजायचे पाते आजोबांच्या हत्यारांत सापडेना. शेवटी त्यांनी खिशातून आपले जुने भेटीचे कार्ड काढले. जिल्हा व सत्र न्यायाधीश असे इंग्रजीत छापलेले ते जाड कार्ड फटीत बरोबर बसले. निवृत्तीनंतर त्या कार्डाचा कुठे उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

मिस्त्रीने झाकण पुन्हा घट्ट आवळले. मग केवळ आजोबांचे तोंड बंद व्हावे म्हणून त्याने इंजिनाचे पुढचे कव्हर काढले. मोठे चाक हाताने डुगडुगत होते. त्याला व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यावर धरून ठेवणारी लोखंडी चावी झिजली होती.

मिस्त्रीने ते पुन्हा एकदा हलवून पाहिले. आजोबा जिंकले तरी बोलत नाहीत, ही त्यांची जुनी, चीड आणणारी खोड आहे.

"हं," मिस्त्री शेवटी म्हणाला. "थोडंसं हाये बिघडेल."

नवी चावी घडवायला मोठे चाक काढावे लागणार होते. कारखान्याने केलेली मूळची खूण केव्हाच झिजून गेली होती. मिस्त्रीने जिनातल्या मारुतीच्या वाटीतून तेलात कालवलेला शेंदूर आणला आणि जिथे दोन चाकांचे दात भेटत होते, तिथे दोन्हींवर एकेक ठिपका दिला. "आता डोये मिटून बसवतो," असे म्हणून त्याने चाक काढले, नवी चावी घडवली आणि चाक ओट्यावर स्वच्छ धोतरावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या आधी बसवायचे ठरले. गोदाबाईंनी सांबारवड्या तळल्या होत्या. बेसनाच्या पारीत हिरवी कोथिंबीर गच्च भरलेली असते. आजोबांनी त्या इतक्या खाल्ल्या की मोटारीचे दुःख त्यांना फारसे झाले नसावे असे मला वाटले. ती माझी चूक होती.

खांडेनवमी

आमच्याकडे खांडेनवमीला मोटारीच्या टपावर दोन बोटे हळदकुंकू लावतात, एक फूल ठेवतात आणि संपते. गोदाबाई अशा अर्धवट पूजेतल्या नव्हेत. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्यांचे काम संपत आले होते. जिनाची सगळी यंत्रे, तराजू, विळे, कुऱ्हाडी, बंडीची चाके आणि पाहुण्यांची मोटार, सगळ्यांना शेंदूर आणि झेंडूची माळ.

ओट्यावरच्या चाकालाही. एकूण एक दाताला.

"बाई," मी विचारले, "हे सगळे ठिपके तुम्ही दिले?"

"हो, बाई! कोणीतरी एकाच दाताले लावून सोडून देल्लं होतं. अर्धी पूजा बरी नाई. बाकीच्या दातायनं काय पाप केलं?"

"आणि मोटारीतलं छोटं चाक?"

"त्याचे खालचे दात दिसत नोते. मंग यायले हँडल फिरवाले लावलं," त्यांनी बापूरावजींकडे बोट दाखवले. "आता पुरं झालं."

पुरेच झाले होते. इतक्यात मिस्त्री नवे धोतर नेसून आला, चाक पाहिले आणि मटकन ओट्यावर बसला.

"काय केलं व माय हे!"

"काऊन? चुकलं का काई?"

मिस्त्री नव्या धोतराचा सोगा झटकू लागला. मालकिणीला देवाच्या कामात चुकलात म्हणायची त्याची छाती नव्हती. आजोबांनी चाक उचलून उजेडात धरले, गोल फिरवले. सगळे ठिपके एकाच वाटीतले, एकाच रंगाचे. ते शांतपणे म्हणाले, "सगळेच साक्षीदार सारखं सांगतात. असा खटला माझ्यापुढे कधी आला नव्हता."

त्या दिवशी पुढे काही करताही येईना. नवमीला हत्यारे देवापुढे असतात, त्यांना हात लावायचा नाही. जेवणात पुरण होते. जेवण झाल्यावर बापूरावजींनी पानाचा डबा पुढे केला आणि मुद्द्याला हात घातला. करार त्यांना कळला होता. तो मीच सांगितला होता.

"साहेब, राग नका मानू. इकायचीच हाये तं मले द्या. माह्या वावरात विहीर हाये. मिस्त्री इंजिन काढून पाण्याले लावन. बाकी सांगाडा कोंबड्यायले."

आजोबा म्हणाले, "अट आहे. आणि अट मोडली आहे."

ते उठले आणि मोटारीशी गेले. त्यांच्या हत्यारांची एक कापडी गुंडाळी आहे, मीच शिवलेली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा असलेली. पूजा झालेली म्हणून त्यांनी हत्यारे उलगडली नाहीत. गुंडाळी तशीच उचलून मिस्त्रीच्या हातात दिली.

"ही आता तुमच्याजवळ असू द्या. पाण्याच्या इंजिनालाही लागतील."

मिस्त्रीने ती दोन्ही हातांनी घेतली. आजोबा सावलीत जाऊन बसले आणि रिकाम्या तळहातांकडे पाहू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. शिवणयंत्रे कोणत्या भिंतीला लावायची हेसुद्धा माझे ठरलेले होते. मी बाही विणायला घेतली आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकले.

दसरा

सकाळी हत्यारे मोकळी झाली. विकायची झाली तरी मोटार चालू करून विकावी, यावर सगळ्यांचे एकमत होते. मिस्त्री म्हणाला, "अंदाजानं बसवतो." बसवले, हँडल मारले. कार्ब्युरेटरमधून अशी शिंक आली की गोदाबाईंची झेंडूची माळ पेटली. बापूरावजींनी ती पागोट्याने विझवली. मिस्त्रीने दोन दात पुढे सरकवून पुन्हा बसवले. या खेपेस इंजिनाने काहीच केले नाही, आणि ते जास्त वाईट वाटले.

"अंदाज पुरे," आजोबा म्हणाले. "पहिल्या कोठडीचा पिस्टन सगळ्यात वर आला की एक दार नुकतंच मिटत असतं आणि दुसरं नुकतंच उघडत असतं. पहारा बदलतो ना, तसं. कुशीचं झाकण काढलं की खुंट दिसतात. पिस्टन वर कधी येतो एवढंच कळायला हवं."

"वरचं झाकण उघडलं असतं तं दिसलं असतं," मिस्त्री म्हणाला. "पण थे आता उघडलं तं आतला तांब्याचा पत्रा जाईन. नागपूरशिवाय भेटत नाई."

प्लगच्या भोकातून काही आत सोडायचे, ते पिस्टनवर टेकेल आणि त्याच्याबरोबर वर येईल, अशी युक्ती निघाली. बापूरावजींनी ज्वारीचे धांडे आणले, ते वाकले. पराटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची काडी खडबडीत होती, मोडून आत राहिली असती. लोखंडी तार मिस्त्री घालू देईना, पिस्टन ओरखडेल म्हणून. सरळ, गुळगुळीत, न मोडणारे असे काही हवे होते.

ते माझ्या हातात होते. तुमच्या आईने पाठवलेली लाकडी सुई, आणि तिच्यावर जवळजवळ संपलेली डावी बाही.

कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. मी गप्प बसले असते तर दुपारपर्यंत सौदा झाला असता. मी सुई ओढून काढली. टाके एकामागून एक सुटले.

"ही घ्या," मी म्हणाले.

आजोबांनी सुईकडे पाहिले, मग बाहीकडे. "अगं, अट..."

"आधी ती धरायची कुठे ते सांगा."

मी सुई भोकात सोडली आणि बोटांनी हलकी धरली. बापूरावजी हँडल तसूतसूने फिरवू लागले. सुई वर वर आली, क्षणभर थबकली आणि खाली जाऊ लागली.

"गेली. मागे घ्या."

"सांभाळून, माय," मिस्त्री म्हणाला. तोवर मी बाई होते.

"आता वर येतेय. येतेय. थांबली!"

"धरा तिथंच!" आजोबांनी बापूरावजींना सांगितले.

आजोबा कुशीशी वाकून खुंट पाहत होते. मिस्त्री व्हॉल्व्हचा दांडा केसाकेसाने फिरवत होता. "धुराचं मिटतंय," आजोबा म्हणाले. "अजून. अजून थोडं. मिटलं! वाफेचं हललं. बसवा!" मिस्त्रीने चाक दांड्यावर सरकवले, दात दातांत गेले. ठिणगी देणारा भाग त्याच दांड्यावर चालतो, म्हणून तो आपोआप जागेवर आला.

हँडल आजोबांनी स्वतः मारले. पहिल्याच फेऱ्यात इंजिन लागले. शिंक नाही, उसासा नाही. मिस्त्रीने काठी कानाला लावून डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. "चारई बोलून राह्यले," तो म्हणाला. "टायमिंग मी पयलेच म्हटलं होतं."

बापूरावजी इंजिनाकडे पाहत राहिले. "असं चालते तं विहिरीवर बांधाले जीव होत नाई बाप्पा. पण साहेब, तुमचा शबुद हाये."

"आहे," आजोबा म्हणाले.

त्याच वेळी आवारात टांगा शिरला आणि त्यातून आपट्याच्या पानांचा भारा घेऊन वन्सं उतरल्या. बापूरावजींनी आदल्या दिवशी स्टेशनातून आर्वीला तार केली होती. छोट्या गाडीने पुलगाव आणि तिथून पॅसेंजरने सिंदी.

"इतक्या लगेच निघालात?" मी विचारले.

"तार येण्याआधीच पिशवी भरून ठेवली होती," वन्सं म्हणाल्या. "हा मोटारीने येतो म्हटला की मी आगगाडीची वेळ बघून ठेवते."

संध्याकाळी सगळ्यांनी सोने वाटले. गोदाबाईंनी ओंजळभर पाने मोटारीच्या टपावर ठेवली आणि मला विचारले, "हिच्या दातायचा शेंदूर पुसला नाई ना?" पुसला नव्हता. तो अजून तसाच आत आहे.

परत

सोने मिळाल्यावर आर्वीला जायचे काही कारण उरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना घेऊन आम्ही नागपूरला यायचे ठरवले. निघताना आजोबा बापूरावजींना म्हणाले, "नागपूरला येऊन मोटार घेऊन जा. अट मोडलेली आहे."

"कोणती अट?" मी विचारले.

"बैल लागले."

"करार आर्वीला जाऊन परत येण्याविषयी होता. आपण आर्वीला गेलो?"

"नाही."

"मग ज्या प्रवासाची अट, तो प्रवास झालेलाच नाही. सिंदीला यायला बैल लागणार नाहीत, असं कोणी कुठे म्हटलं होतं?"

आजोबा विचारात पडले. मला हे समजावून सांगायचे आहे की ते विनोद म्हणून विचारात पडले नाहीत. त्यांना मोटार हवी होती, पण न्यायाने हवी होती. त्यांनी वन्संकडे पाहिले.

"अरे, आलाच नाहीस तू," वन्सं म्हणाल्या. "मी साक्षीदार आहे."

बापूरावजी इतके हसले की त्यांना पागोटे काढावे लागले. मिस्त्रीने हत्यारांची गुंडाळी आणून आजोबांच्या सीटवर ठेवली.

परतीला केळझरचा चढ उलट बाजूने लागला, तो मोटार एका दमात चढली. मी मागे बसून सुटलेले टाके उचलत होते. डाव्या बाहीला काळे तेल आणि शेंदूर लागला आहे, शिवाय ती उजवीपेक्षा एक ओळ आखूड झाली आहे. पार्सल पोचल्यावर तुमची आई विचारील, तेव्हा तिला हे वाचायला द्या.

शिवणवर्ग आता पुढच्या ओसरीत भरतो. मोटार मोटारखान्यात आहे. आजोबा तिला रामटेकला नेतात, कळमेश्वरला नेतात, आणि मी तोंड उघडत नाही. फक्त वन्संकडे जायचे झाले की ते स्वतः जाऊन पुलगावची तिकिटे काढून आणतात. करार अजून जिवंत आहे, आणि आर्वीला मोटारीने जायची जोखीम आम्हा दोघांपैकी कोणालाच घ्यायची नाही.